हिमनदीवर चढाई: जूनअखेर की ऑगस्टअखेर?

मैत्रिणीला आल्प्ससाठी सुट्टी एकदाच मिळणार, म्हणून हा हिशोब.

जूनअखेर हिमनदीच्या भेगा झाकलेल्या असतात. भेगेवर साचलेल्या हिमाचा पूल जाड, पण खालची भेग दिसत नाही, दोर हवाच. ऑगस्टअखेर भेगा उघड्या दिसतात, मात्र वळसे घालता घालता वेळ जातो आणि उरलेसुरले पूल दुपारी लापशीसारखे मऊ होतात.

पायाखाली जूनमध्ये हिम, ऑगस्टमध्ये काचेसारखा कडक, उघडा बर्फ. बोथट क्रॅम्पॉन (बुटांखाली बांधायचे धातूचे काटे) तिथे नुसते खरवडतात.

खरी भीती दगडांची. खडक धरून ठेवणारा बर्फ वितळला की ते सुटतात. माँ ब्लाँ शिखरावरची गूते घळ त्यासाठीच कुप्रसिद्ध. २००३च्या उन्हाळ्यात दरड कोसळल्यावर मॅटरहॉर्न शिखराची चढाई काही काळ बंद होती.

नवख्यांनी जूनच धरावा. उघड्या बर्फाची सवय आणि मध्यरात्री निघायची तयारी असेल, तरच ऑगस्ट.