आठ महिने एकच थीम, आणि पुढे आणलेल्या कमेंट

व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर मी बरीच वर्षं वापरतेय, पण त्याच्या दिसण्याकडे नीट लक्ष दिलं ते गेल्या आठ महिन्यांत. त्याआधी दर पंधरा दिवसांनी कंट्रोल-के, कंट्रोल-टी दाबून नवी थीम लावायची, दोन दिवस खूश राहायचं, की पुन्हा शोध सुरू. आता सोलराइज्डची गडद आवृत्ती पाया म्हणून ठेवलीय आणि सेटिंग्जच्या जेसन फाइलमध्ये हवे तेवढेच बदल केलेत.

सगळ्यात जास्त फरक पडला कमेंटच्या, म्हणजे कोडमध्ये माणसांसाठी लिहिलेल्या टिपांच्या, रंगाने. 2011 साली आलेली ही थीम 16 रंगांवर उभी आहे आणि तिच्यात कमेंट मुद्दाम मागे ठेवलेल्या असतात. पार्श्वभूमीशी त्यांचा कॉन्ट्रास्ट मोजला तर जेमतेम 2.8 भरतो, वेबवरच्या साध्या मजकुरासाठी डब्ल्यूसीएजी या वेब सुलभतेच्या नियमावलीची किमान अट 4.5 आहे. जुना कोड वाचताना ‘हे असं का केलंय’ याचं उत्तर बऱ्याचदा कमेंटमध्येच असतं, आणि माझी नजर नेमकी तिथूनच घसरायची. मी कमेंटला फिकट पिवळा रंग दिला, तिरपी अक्षरं सरळ केली. कीवर्ड, म्हणजे भाषेचे ठरलेले शब्द, मात्र मंद केले. इफ, फॉर, रिटर्न ओळखायला भडक रंग लागत नाही, ते कुठे येतात हे डोळ्यांना पाठ असतं. पहिला आठवडा फार अवघड गेला. मग एक दिवस, कोड बदलूनही तशीच राहून गेलेली चुकीची कमेंट फाइल उघडताक्षणी दिसली. तिच्यावरून मी आधी कितीदा तरी गेले असेन.

एका ठिकाणी मात्र अडले. नियम बरोबर लिहूनही टाइपस्क्रिप्ट भाषेतल्या काही व्हेरिएबलचा रंग हलेना. टेक्स्टमेट व्याकरणाने (शब्द नुसत्या नमुन्यांवरून ओळखणारे नियम) दिलेल्या रंगावर सिमँटिक हायलाइटिंगचा (कोडचा अर्थ समजून दिलेला) रंग चढतो, हे तेव्हा कळलं. कमांड पॅलेटमधून ‘इन्स्पेक्ट एडिटर टोकन्स अँड स्कोप्स’ चालवा आणि कर्सर त्या शब्दावर न्या. रंग कुठल्या नियमातून आला ते समोर येतं. रंगांशी झुंजणाऱ्या प्रत्येकाने आधी हे करावं.

फाँट जेटब्रेन्स मोनो, आकार 15. लिगेचर (दोन-तीन चिन्हं जोडून एक दाखवणं) बंद, जोडून आलेली चिन्हं सुंदर दिसतात, पण मला टाइप केलेलं अक्षरन् अक्षर दिसायला हवं. ओळींमधलं अंतर 1.6. इथे 8 पेक्षा लहान आकडा फाँटच्या आकाराच्या पटीत धरला जातो, 8 किंवा त्याहून मोठा पिक्सेलमध्ये. मिनिमॅप, म्हणजे कडेला दिसणारा फाइलचा छोटा नकाशा, काढला, त्याची एकदाही आठवण आली नाही.

सीएसएस (दिसणं ठरवणारा कोड) घुसवून टॅबची पट्टी बारीक करणारं एक एक्स्टेन्शनही लावून पाहिलं. असली एक्स्टेन्शन्स एडिटरच्या मूळ फाइलींना हात लावतात, त्यामुळे इन्स्टॉलेशन बिघडल्याची सूचना येऊ लागली आणि पुढच्या अपडेटला सगळं पुसलं गेलं. काढून टाकलं. टॅबचे रंग सेटिंग्जमधूनही बदलता येतात, मला तेवढं पुरतं.

दिवसा सिस्टिमबरोबर उजळ आवृत्ती आपोआप लागते. रंगांचे बदल मी थीमचं नाव चौकोनी कंसात घालून वेगवेगळे ठेवलेत, नाहीतर रात्रीचा पिवळा दिवसा दिसतच नाही. उजळ बाजूला कमेंटसाठी सध्या गडद तपकिरी आहे. वाचायला स्पष्ट, पण वॉर्निंगच्या रंगाच्या फार जवळ जातो, तो बदलायचाय.