ओट्यावर लवंग की गवती चहा?

स्वयंपाकघरात मुंग्या-झुरळांसाठी दुकानातला स्प्रे नको, एवढं ठरलं की माझ्या मते दोनच तेलं उरतात, लवंगेचं आणि गवती चहाचं. कडुनिंबाचं यात धरलेलं नाही. ते उडून जाणारं तेल नव्हे, कामही सावकाश करतं. कुंडीतल्या मिरचीला छान, ओट्यावर मात्र तो वास कोण सोसणार?

मारण्यात लवंग सरस, हे आधीच कबूल करतो. तिच्या तेलात मुख्य असतं युजेनॉल, आणि ते कीटकांच्या मज्जासंस्थेतच गडबड करतं. झुरळावर नेमकी फवारणी बसली की ते थोडं धावतं आणि उलटं होतं. गवती चहातलं सिट्रल, निदान माझ्या ओट्यावर, मारण्यापेक्षा हुसकावतं जास्त. मुंग्यांना तेवढं पुरतं. साबणाच्या पाण्यात तेल घालून त्यांची वाट पुसली की रांग मोडते. दोन दिवसांनी पुन्हा पुसावं लागतं, कारण हा वास लवकर उडतो. लवंगेचा टिकतो.

मग लवंगच घ्यावी की! मीही तेच केलं होतं.

पण लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जड असतं, थेंब टाकला की तळाशी जातो. (भेसळ ओळखायची ही घरगुती खूणही आहे, म्हणजे बुडलंच नाही तर शंका घ्यावी.) स्प्रेच्या बाटलीतली नळी नेमकी तळाशी टेकलेली. साबण घालून कितीही हलवा, रात्रभर ठेवलं की तेल पुन्हा खाली. सकाळी अर्धवट झोपेत, बाटली न हलवता मी ओट्यावर दोन फवारे मारले, ते जवळजवळ निव्वळ तेलाचे. शेजारी लाकडी पोळपाट होता. नंतर चार दिवस पोळ्यांना लवंगेची चव! आईनं विचारलं, "दाढ दुखतेय का रे कुणाची?" पोळपाट चिंचेनं घासला, उन्हात ठेवला, तरी पाचव्या दिवशीही कणीक लाटताना वास यायचाच.

गवती चहाचं तेल हलकं, वर तरंगतं. न हलवता फवारलं तर फार तर नुसतं पाणी उडतं. बाटली संपत आली की मात्र उग्र होतं, तेव्हा हलवायला त्यालाही लागतंच. पण चूक झालीच तर पोळीला येणारा वास निदान चहाचा असतो.

जंतूंचं म्हणाल तर प्रयोगशाळेत दोन्ही तेलं जिवाणू मारतात. तरीही कच्चं चिकन कापलेल्या फळीला मी साबण आणि गरम पाणीच वापरतो, तेलाच्या भरवशावर राहत नाही. घरात मांजर असेल तर दोन्ही जपून. युजेनॉलसारखे पदार्थ मांजरांच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत, त्यामुळे तिथे लवंग तर नकोच. सिट्रलनं काहींच्या हाताला खाज येते, म्हणून हातमोजे घालून पुसलेलं बरं.

तुमच्याकडे झुरळं फार असतील, पोळपाट दूर राहत असेल आणि बाटली हलवायची आठवण असेल, तर लवंग वाईट नाही. माझ्याकडे ती आता फक्त सिंकखालच्या जाळीजवळ असते. ओट्यावर लिटरभर पाण्यात दहा-बारा थेंब गवती चहाचं तेल आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब.