कुकेदाई : आठ महिने मांडीखाली

२०१९च्या ऑक्टोबरात महाराणी मासाको राज्यारोहणाच्या सोहळ्यात जूनिहितोए, म्हणजे थरांवर थर असलेला दरबारी पोशाख, नेसून आल्या, तेव्हापासून जपानी दरबारी कपडे शिवायचं खूळ डोक्यात होतं. क्योतोत राहायला आल्यावर ते उफाळून आलं. सगळे थर शिवणं काही आपल्याच्यानं व्हायचं नाही, म्हणून फक्त हितोए धरली, म्हणजे बिनअस्तराचा आतला थर. त्यासाठी ऑनलाइन मागवलेली ही कुकेदाई, म्हणजे हाताने शिवताना कापड ताणून धरायचं जपानी साधन.

एक आडवी फळी, तिच्या टोकाला घडीची उभी दांडी आणि दांडीला दोरीने बांधलेला चिमटा. या चिमट्याला काकेहारी म्हणतात. फळी मांडीखाली दाबायची, कापडाचं उजवं टोक चिमट्यात द्यायचं आणि डाव्या हाताने ताणून धरायचं. माझी आजी पायाच्या अंगठ्यात कापड धरून शिवायची, तिचा अंगठाच जणू कोणी लाकडात करून दिलाय.

पहिले दोन आठवडे वैतागले. जपानी बायका गुडघे मुडपून बसतात, त्या हिशेबाने फळी केलेली. मी मांडी घालणारी, त्यामुळे ती सरकायची. खाली रबरी जाळीचा तुकडा टाकला आणि प्रश्न मिटला. दांडीचा सांधा मात्र महिन्याभरातच हलायला लागला. विक्रेत्याला लिहिलं, उत्तर नाही. जाड पुठ्ठ्याची पाचर ठोकून काम चाललंय.

पण एकदा हात बसला की मजा येते. या कपड्यांत गोलाई जवळजवळ नाहीच, सगळे सरळ पट्टे, आणि शिवणी लांबच लांब. हातात धरून घातलेला धावदोरा वीतभर गेला की वाकडा व्हायचा. आता कापड ताणलेलं असतं, सुई जागच्या जागी राहते आणि टाके तांदळाच्या दाण्यांसारखे एकसारखे पडतात. रेशमावर चिमट्याचे दात उमटतात, तेवढी सुती चिंधी मध्ये घाला.

सोबत आलेल्या पट्टीने मात्र घात केला. म्हणजे चूक माझीच. शाकू हे लांबीचं जुनं जपानी माप, पण शिवणकामाचा शाकू वेगळा, सुताराचा वेगळा! पट्टी कुजिराजाकु, म्हणजे 'देवमाशाचा शाकू', साधारण ३७.९ सेंटीमीटरचा, मी हिशेब केला सुतारी ३०.३ने. चार शाकूंच्या पट्ट्यात ३० सेंटीमीटर कापड कमी पडलं. नशीब, पहिला नमुना पुण्याहून आणलेल्या मांजरपाटावर होता.

हितोएच्या काठाला कुकेदाईचा काही उपयोग नाही, कारण तो काठ शिवतच नाहीत. खळ लावून बोटांनी वळतात, वातीसारखा. त्याला हिनेरी म्हणतात. खळ पातळ झाली की रेशमावर डाग, घट्ट झाली की सुकल्यावर काठ काडीसारखा कडक. एका बाहीच्या काठाला माझे दोन रविवार गेले.

आता उचिकी, म्हणजे हितोएच्या वरचा थर, शिवायला घेतलीय. तिला अस्तर असतं आणि ते काठाशी मुद्दाम जरासं बाहेर काढायचं, आपल्या गोटासारखं. ते ओमेरी. इथल्या फूझोकु या पोशाखांच्या संग्रहालयात गेंजीचा, म्हणजे जुन्या जपानी कादंबरीतल्या राजपुत्राचा, महाल एक चतुर्थांश आकारात मांडलाय, तिथल्या बाहुल्यांच्या बाह्यांशी नाक लावून मी ते बघून आले.

घ्यायची असेल तर नवी घेण्याआधी २१ तारखेला तोजी देवळाच्या जुन्या बाजारात चक्कर मारा. मला तिथे एक जुनी दिसली, सांधा अजून घट्ट. पण माझी नवीकोरी घरी येऊन तेव्हा तीन महिने झाले होते.