सातपुड्यात सॅटेलाइट इंटरनेट: एक पावसाळा काढल्यावर

नंदुरबार जिल्ह्यातलं धडगाव सोडून नर्मदेच्या अंगाला उतरायला लागलं की पहिल्या दोन-तीन वळणांतच मोबाइलची रेंज जाते. अशाच एका पाड्यावर माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. दाखले, सातबारा, आधारवर पैसे काढून देणं, योजनांचे फॉर्म अशी कामं. मे २०२५ मध्ये डिश बसवली, आता अख्खा पावसाळा आणि वर हिवाळाही काढून झाला. पैसे वसूल झाले का, तर हो. पण स्पीडमुळे नाही, ओटीपीमुळे. ते पुढे सांगतो.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण इथलं बरंचसं कुठल्याही व्हीसॅटला, म्हणजे छोट्या डिशवरून चालणाऱ्या सॅटेलाइट नेटला, लागू आहे. दरही लिहीत नाही. तो कोटेशनवर ठरतो, माझा आकडा तुम्हाला लागू होणार नाही. मोबाइलच्या पॅकशी तुलना केलीत तर मात्र घेऊच नका.

डिश इस्रोच्या जीसॅट-११ उपग्रहाकडे रोखलेली आहे. ५,८५४ किलोचा हा उपग्रह डिसेंबर २०१८ मध्ये फ्रेंच गयानातून सुटला आणि विषुववृत्ताच्या वर, ७४ अंश पूर्व रेखांशावर उभा आहे. आमचा तालुकाही जवळपास त्याच रेखांशावर येतो. त्यामुळे डिश सरळ दक्षिणेला आणि चांगली वर, साधारण ६४ अंशांवर बघते. खोऱ्यात राहणाऱ्याला हे सोयीचं, समोरचा डोंगर आडवा येत नाही. आडवा आला तो आंबा. बसवायला आलेला पोरगा फांदी तोडू म्हणाला. आमच्याकडे आमचुरावर घर चालतं, आंब्याला कोण हात लावू देणार? शेवटी खांबच सरकवला.

आता सिग्नलला लागणाऱ्या उशिराबद्दल. उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर. आपली मागणी वर जाते, खाली हबला, म्हणजे कंपनीच्या जमिनीवरच्या मुख्य केंद्राला, उतरते, उत्तर पुन्हा वर जाऊन आपल्याकडे येतं. नुसत्या या प्रवासाला अर्धा सेकंद जातो, प्रत्यक्षात मला सहाशे-सातशे मिलिसेकंद दिसतात. स्पीड टेस्टवर भुलू नका. तिथे आकडा झकास येतो आणि सरकारी पोर्टल तरीही रखडतं. सुरक्षित साइट उघडताना पान यायच्या आधीच दोन-तीन वेळा जा-ये होते, म्हणजे पांढऱ्या पडद्याकडे बघत दोन सेकंद गेलेच. पानात पन्नास बारीकसारीक फायली असतील तर बघायलाच नको. मॉडेम यातलं बरंच सांभाळून घेतो, पण व्हीपीएन (सगळा डेटा कुलूपबंद करून पाठवणारी सोय) लावलं की त्याचा इलाज चालत नाही. आधारवर पैसे काढताना बोट मशीनवर ठेवल्यावर लाल दिवा लागतो आणि माणूस लगेच बोट उचलतो. आता मी आधीच सांगून ठेवतो, ‘दादा, मी सांगेपर्यंत बोट हलवायचं नाही.’

सप्टेंबर २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेला ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवणं, सक्तीची झाली, मुदत दोन महिन्यांची. ओटीपी यायचा आधारला जोडलेल्या नंबरवर, आणि तो एकटा बाईचा चालत नव्हता, नवऱ्याचा किंवा वडिलांचाही लागायचा. नेट माझ्याकडे होतं, रेंज कुणाकडेच नव्हती. पोर्टल उघडून बसायचं आणि ओटीपीसाठी बायकांनी टेकडी चढायची, तोवर वेळ संपायची.

इलाज निघाला तो वाय-फाय कॉलिंगचा. सिम ४जी असेल आणि फोनमध्ये सोय असेल, तर टॉवर नसताना कॉल आणि एसएमएस वाय-फायवरून येतात. पण इथे निम्म्या लोकांकडे बटणाचे फोन. म्हणून केंद्रात एक जुना अँड्रॉइड फोन त्याच कामाला ठेवला आहे. मावशी येतात, बटणाचा फोन उघडून बॅटरी काढतात, सिम माझ्या हातात देतात. माझ्या फोनचा ट्रे उघडायला बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन त्यांच्याचकडची. सिम टाकायचं, कोपऱ्यात वाय-फाय कॉलिंगची खूण यायची वाट बघायची, मग ओटीपी मागवायचा. कुणाचं सिम कुठल्या फोनमधलं यात घोळ होऊ नये म्हणून टेबलावर स्टीलच्या वाट्या मांडल्या, एका वाटीत एकाच घराचे फोन आणि सिम. नवरा उसतोडीला गुजरातेत असेल तर त्याला इथूनच फोन लावून त्याचा ओटीपी विचारून घ्यायचा. सगळ्यांचं जमलं असं नाही. जुनी २जी सिम यात चालतच नाहीत. आणि नव्या फोनवर यूपीआय चालू करताना फोन स्वतःहून जो एसएमएस पाठवतो, तो वाय-फायवरून कधी जातो, कधी नाही. त्यासाठी अजूनही धडगाव गाठावं लागतं.

कॉलवर बोलताना दोघं एकदम बोलतात आणि दोघं एकदम थांबतात. पोलिसांच्या वॉकीटॉकीसारखं एकाने संपवल्यावर दुसऱ्याने सुरू करायचं, हे म्हाताऱ्या माणसांना तरुणांपेक्षा लवकर जमलं.

पावसाचं म्हणाल तर रिमझिमीत काही होत नाही. काळा ढग दक्षिणेकडून आला आणि धो-धो सुरू झाला की सिग्नल जातो, ढग सरकला की परत येतो. दिवसभर बंद असं क्वचितच. कधी इथे कोरडं ऊन आणि नेट मंद असायचं. कस्टमर केअरला विचारलं तर म्हणे हबकडे जोरात पाऊस आहे. मला आधी ती थाप वाटली, पण हबचा सिग्नलही पावसातूनच वर जातो, तेव्हा पटण्यासारखं आहे.

गंमत ऑक्टोबरच्या सुरुवातीला. काही दिवस दुपारी सव्वाबाराच्या पुढे, स्वच्छ उन्हात, नेट काही मिनिटं गायब. सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो आणि त्याच्या गोंगाटात उपग्रहाचा क्षीण सिग्नल बुडतो. त्या वेळी बाहेर जाऊन बघा, डिशवरून परतलेला उजेड पुढच्या एलएनबीच्या (डिशसमोरच्या दांड्यावरचा सिग्नल पकडणारा डबा) तोंडावर गोळा झालेला दिसतो. मार्चमध्ये पुन्हा हेच होणार. तेवढा वेळ पैसे काढायचं काम हाती घेऊ नका, व्यवहार मधेच अडकला तर लोक तुम्हालाच धरतात.

डेटाची मर्यादा ही माझी खरी तक्रार. मर्यादा संपली की वेग असा पडतो की फोटोसुद्धा चढत नाही, आणि विकताना हे कुणी नीट सांगत नाही. लॅपटॉपचं कनेक्शन ‘मीटर्ड’ करून ठेवा, म्हणजे तो आपोआप डेटा कमी खातो, व्हॉट्सअॅपचं आपोआप डाउनलोड बंद करा, पासवर्ड पोरांना देऊ नका. मॉडेमला इन्व्हर्टर लागतोच, आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने स्टारलिंकशी इरादापत्र केलं, त्यात गडचिरोली, धाराशिव आणि वाशीमसोबत आमचा नंदुरबारही आहे. त्यांचे उपग्रह पाचशे-साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरतात, म्हणजे उशिराचा प्रश्न जवळपास मिटतो. पण ते आकाशात सरकत असतात, डिशला चहूकडे मोकळं आकाश लागतं. माझ्या पाड्याला दोन्ही बाजूंनी डोंगर. वरच्या सपाटीवरच्या पाड्यांना ते नक्की चांगलं चालेल, खोऱ्यात बघावं लागेल. तोवर मी सध्याचाच प्लॅन वर्षभरासाठी भरला आहे, फक्त जास्त डेटाचा.