दर ८,००० किलोमीटरला टायर रोटेशन: ३२,००० किलोमीटरनंतरचा अनुभव

गाडी पेट्रोल हॅचबॅक, टायर १८५/६५ आर १५, चारही एकाच वेळी नवीन घातलेले. राहायला कोल्हापूर. कामासाठी पुणे–बंगळूर महामार्ग, घरच्यांसाठी आंबा घाट उतरून रत्नागिरी, आणि रोजचं शहरातलं चालवणं वेगळंच. टायर बसवले त्याच दिवशी खाचांची खोली मोजायचं छोटं गेज घेतलं आणि तेव्हापासून प्रत्येक टायरची नोंद ठेवत आलो. आता गाडी या टायरांवर ३२,००० किलोमीटर चालली आहे, म्हणून हे लिहितोय.

निष्कर्ष आधीच सांगतो. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या गाडीला ८,००० किलोमीटरला रोटेशन, म्हणजे टायरांच्या जागांची अदलाबदल, योग्य, १०,००० ही शेवटची मर्यादा. त्यापुढे नेलं तर रोटेशनचा फायदा कमी होत जातो आणि पावसाळ्यात त्यातून धोकाही निर्माण होऊ शकतो. हा धोक्याचा भाग फारसं कुणी सांगत नाही, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहिणार आहे.

आधी आकडे. नवीन टायरची खोली ८ मिलिमीटर होती. पहिल्या ८,००० किलोमीटरनंतर पुढचे टायर ६.४ वर आले आणि मागचे ७.३ वर. म्हणजे पुढचा टायर मागच्याच्या दुपटीहून जास्त घासला. कारण उघड आहे. इंजिन आणि गिअरबॉक्सचं वजन पुढे, गाडी ओढायचं काम पुढच्या चाकांचं, वळवायचं त्यांचंच, आणि ब्रेक मारल्यावर वजन पुढे झुकतं म्हणून थांबवायचा मोठा भारही त्यांच्यावरच. मागची चाकं मागून येतात, एवढंच त्यांचं काम. आंबा घाट उतरताना तर सतत पुढच्या टायरांवर दाब असतो, आणि त्यांच्या बाहेरच्या कडा नक्षीच्या मधल्या भागाआधी झिजतात. हात फिरवला तर बोटांना कळतं.

माझ्या गाडीत पुढचा डावा टायर उजव्यापेक्षा किंचित जास्त झिजत होता. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे कडेचे खड्डे आणि डांबराची तुटलेली कड डाव्या चाकांच्या वाट्याला येते. गोल चौकाला वळसा घालताना गाडी उजवीकडे वळते, तेव्हाही भार डाव्या बाजूला जातो. म्हणून नुसतं पुढचं मागे आणि मागचं पुढे करण्यापेक्षा बाजूही बदललेली बरी.

मी जी पद्धत वापरली ती अशी: पुढचे दोन्ही टायर सरळ त्याच बाजूला मागे, आणि मागचे दोन पुढे येताना बाजू बदलून. मागचा डावा पुढे उजवीकडे, मागचा उजवा पुढे डावीकडे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांची हीच नेहमीची पद्धत. तिचं मला आवडलेलं वैशिष्ट्य असं की चार टप्प्यांत प्रत्येक टायर चारही कोपऱ्यांत एकेकदा बसतो. आज माझ्या टायरांची अशी एक फेरी पूर्ण झाली आहे आणि चारही टायर ३.४ च्या आसपास आहेत. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी यांच्यातला फरक गेजवर जेमतेम दिसतो.

जुने टायरवाले काका अजूनही सांगतात की रेडियल टायरची बाजू बदलायची नाही. सुरुवातीच्या काळातल्या रेडियल टायरांसाठी तसा सल्ला दिला जात असे. आजच्या साध्या नक्षीच्या टायरांना ते लागू नाही. अपवाद फक्त दिशा ठरलेल्या टायरांचा. त्यांच्या बाजूवर बाण असतो, नक्षी व्ही आकाराची असते, आणि ते त्याच बाजूला पुढे-मागेच करायचे. उलट्या दिशेने फिरला तर तो टायर पाणी नीट बाहेर टाकत नाही. काही टायरांवर बाहेरची बाजू कोणती ते लिहिलेलं असतं. त्यांची बाजू बदलता येते, फक्त रिमवर ती कड बाहेरच असली पाहिजे.

आता त्या धोक्याबद्दल. नवीन दोनच टायर घेतले तर ते मागे बसवा, असं टायर कंपन्या सांगतात. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते, आपण ॲक्सिलरेटर सोडतो, वेग उतरतो आणि बऱ्याचदा ताबा परत येतो. मागची घसरली तर गाडीची शेपूट फिरते, आणि ते सावरणं नेहमीच्या चालवणाऱ्याच्या हातचं नाही. रोटेशनमध्ये नेमकं उलटं होतं. झिजलेले पुढचे टायर मागे जातात आणि भरलेले पुढे येतात. फरक ०.९ मिलिमीटर असेल, तर त्याने काही बिघडत नाही. पण माझ्या गाडीच्या हिशेबाने २०,००० किलोमीटरपर्यंत काहीच केलं नाही, तर पुढचे ४ वर आणि मागचे ६.२ वर असतील. त्या वेळी, तेही जूनच्या तोंडावर, टायर फिरवले तर सर्वांत कमी खोलीची जोडी पावसात मागे जाऊन बसते. रोटेशन लवकर आणि ठरावीक अंतराने करायचं, याचं माझ्या मते हे सर्वांत मोठं कारण आहे. फरक लहान असतानाच तो पुसत राहायचा.

माझ्या मेहुण्याकडे याच मॉडेलची गाडी आहे. त्याने २०,००० च्या पुढे गेल्यावर पहिल्यांदा टायर फिरवले. महामार्गावर ऐंशीच्या पुढे मागून घुमल्यासारखा आवाज यायला लागला. त्याला वाटलं बेअरिंग गेलं. बेअरिंग ठीक होतं. पुढे असताना टायरांच्या कडांना करवतीसारखी झीज धरली होती, ती आता मागे वाजत होती. हा आवाज कित्येक हजार किलोमीटर राहतो आणि कधी कधी जातच नाही. टायर एकदा आकार बदलून झिजला की रोटेशन त्याला सरळ करत नाही, फक्त त्याची जागा बदलतं.

पैशांचं खरं गणितही सांगतो, कारण रोटेशनने टायरचं आयुष्य दुप्पट होतं असं ऐकवणारे भेटतात. तसं होत नाही. रबर तेवढंच असतं. रोटेशन केलं नसतं तर माझे पुढचे टायर आज १.६ मिलिमीटरवर असते, म्हणजे कायद्याच्या मर्यादेवर, आणि मागचे ५.२ वर. दोन आता घेतले असते, दोन नंतर. एकूण खर्चात मोठी बचत दाखवता येणार नाही. मिळतं ते असं: सगळा वेळ चारही टायरांची पकड जवळपास सारखी राहते, वाकडी झीज लवकर पकडली जाते, आणि बदलायची वेळ आली की एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे चार टायर एकत्र घेता येतात. घाटात गाडी वळताना कशी वागणार याचा जो अंदाज बांधता येतो, त्याची किंमत माझ्या लेखी मोठी आहे.

रोटेशनच्या दिवशी चाकं उतरलेली असतातच, तेव्हा प्रत्येक टायर आतून-बाहेरून बघून घ्यावा. मधली नक्षी जास्त झिजली तर हवा जास्त भरली जातेय, दोन्ही कडा झिजल्या तर कमी. एकच कड झिजली तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडलेलं. मध्येमध्ये खोलगट डाग दिसले तर बॅलन्सिंग किंवा शॉक ॲब्झॉर्बर. माझ्या दुसऱ्या रोटेशनच्या वेळी एका टायरची आतली कड जास्त खाल्लेली दिसली. उभ्या गाडीत बाहेरून ती दिसतही नाही. टो, म्हणजे चाक आत किंवा बाहेर वळलेलं असण्याचा कोन, बिघडला होता, त्याच दिवशी करून घेतला. अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि रोटेशन मिळून मला साधारण हजार-बाराशे रुपये पडतात, आणि एवढी एक गोष्ट वेळेत सापडली की ते वसूल होतात.

एक कटू अनुभवही. एका सर्व्हिस सेंटरने बिलात रोटेशनचे पैसे लावले आणि टायर जागचे हललेच नव्हते. मला कळलं ते फक्त खडूमुळे. गाडी देण्याआधी मी प्रत्येक टायरच्या आतल्या बाजूला, पटकन दिसणार नाही अशा ठिकाणी पुढे-डावा, मागे-उजवा असं लिहितो. गाडी घेताना मोबाईलचा टॉर्च मारून बघतो. त्या दिवशी खुणा होत्या तिथेच होत्या. दाखवल्यावर त्यांनी समोर टायर फिरवून दिले, पण ग्राहकाने खडू घेऊन फिरावं लागतं हे मला अजिबात पटत नाही. सगळ्यांनी अशी खूण करावी असं मी आग्रहाने सांगेन. टायर कधी बनला याचा बाजूवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, पण चारही टायर एकाच लॉटचे असतील तर तो ओळखीला उपयोगी पडत नाही.

हवेकडेही लक्ष द्यायला हवं. ज्या गाड्यांत पुढचा आणि मागचा दाब वेगळा सांगितलेला असतो, तिथे टायर फिरवल्यावर हवा पुन्हा जुळवावी लागते. हे हमखास विसरलं जातं. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर आकडे असतात, टायर थंड असतानाचे. टायर प्रेशरचा दिवा असलेल्या गाडीत सिस्टीम रीसेटही करावी लागू शकते. नटांचं म्हणाल तर हवेच्या गनने शेवटपर्यंत आवळू देऊ नका. आमनेसामनेचे नट क्रमाने, शेवटचा हात टॉर्क रेंचने, म्हणजे ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळणाऱ्या पान्याने, आकडा गाडीच्या पुस्तकातला. पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा तपासून घ्या. स्वतः पाना लावून कितीही जोर केला तरी गनने आवळलेला नट पावसात रस्त्याच्या कडेला सुटत नाही, तेव्हा या सूचनेचं महत्त्व कळतं.

स्टेपनी फेरीत घ्यायची का, हे स्टेपनी कोणती आहे त्यावर आहे. माझी स्टेपनी स्टीलच्या रिमवरची आणि लहान मापाची आहे, म्हणून ती बाहेरच. बोलेरो किंवा स्कॉर्पिओसारख्या गाडीत पूर्ण मापाची, त्याच टायरची स्टेपनी असेल तर पाच टायरांची फेरी जरूर करा, नाहीतर ती वापराविना जुनी होऊन जाते.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांची, म्हणजे इनोव्हा क्रिस्टा, बोलेरो वगैरेंची पद्धत उलटी: मागचे सरळ पुढे, पुढचे बाजू बदलून मागे. इनोव्हा हायक्रॉस मात्र पुढच्या चाकांवर चालते, नावावरून गफलत करू नका. नेक्सॉन ईव्हीसारख्या इलेक्ट्रिक गाड्या जड असतात आणि मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून टायरवर येतो. तशा गाडीला मी ८,००० ची वाट पाहणार नाही, ५,००० ते ६,००० ला गेज लावून बघेन आणि फरक एक मिलिमीटरच्या जवळ आला असेल तर लगेच फिरवेन. घाटात रोज ये-जा करणाऱ्या किंवा भाड्याने धावणाऱ्या गाड्यांनाही हेच लागू.

माझे टायर ३.४ वर आहेत, कायद्याने अजून बरंच चालतील. पण ३ मिलिमीटरच्या खाली साचलेल्या पाण्यावरची पकड झपाट्याने कमी होते, आणि आमच्याकडे पावसाळ्यात आंबा घाट म्हणजे रस्त्यावरून वाहतं पाणी. त्यामुळे यंदा मेच्या शेवटी चारही नवीन घालणार आहे, त्याच मापाचे.