लीडर कोणता घ्यावा: साडेसात, नऊ की बारा फुटी? नायलॉन की फ्लुरोकार्बन?

फ्लाय फिशिंग सुरू करणारा माणूस रॉड निवडायला महिना घालवतो आणि लीडर मात्र समोर येईल तो उचलतो. माझ्या मते हे उलटं व्हायला हवं. साध्या गळाला शिशाचं वजन असतं आणि ते दोरीला ओढून नेतं. इथे वजन दोरीत, म्हणजे फ्लाय लाइनमध्ये असतं आणि पिसा-धाग्यांच्या नकली किड्याला, म्हणजे फ्लायला, जवळजवळ काहीच वजन नसतं. लाइनचा जोर हळूहळू जिरवत फ्लाय पाण्यावर अलगद ठेवणं आणि जाड, रंगीत लाइन माशापासून लांब राखणं ही दोन्ही कामं लाइन आणि फ्लाय यांच्या मधल्या निमुळत्या तंगुसाची, म्हणजेच लीडरची. लाइनकडे तो जाड असतो, त्याला बट म्हणतात. मग तो बारीक होत जातो आणि शेवटी येतो एकसारख्या जाडीचा टिपेट, ज्याला फ्लाय बांधायची.

आधी लांबी. साडेसात फुटी लीडर लवकर उलगडतो. अरुंद ओढा, डोक्यावर फांद्या, समोरून वारा किंवा जड फ्लाय असेल तर तोच घ्यावा. बारा फुटी लीडर संथ, नितळ पाण्यासाठी, जिथे लाइनची सावली पडली तरी मासा दडतो. पण तो सरळ पसरवायला कास्ट, म्हणजे लाइनची फेक, चांगली जमावी लागते, नाहीतर शेवटचे तीन-चार फूट वेटोळं होऊन फ्लायवरच कोसळतात. एकच घ्यायचा असेल तर नऊ फुटी घ्या. तो कापून आखूड करता येतो आणि टिपेट जोडून अकरा-बारा फुटांपर्यंत नेता येतो. बुडणाऱ्या लाइनला मात्र यातला कुठलाच नको. तिथे चार-पाच फूट पुरे, कारण लीडर लांब असेल तर लाइन खाली जाते आणि फ्लाय वरच तरंगत राहते.

पाकिटावरच्या एक्सच्या आकड्याने नवखा गोंधळतो, कारण आकडा वाढतो तशी जाडी कमी होते. ही पद्धत रेशीमकिड्याच्या तातीच्या काळातली. तात छिद्रातून जितक्या वेळा ओढून बारीक केली, तितके एक्स. आजचा हिशेब असा: 11 मधून एक्सचा आकडा वजा केला की जाडी इंचाच्या हजारांश भागात मिळते. 4एक्स म्हणजे 0.007 इंच, 6एक्स म्हणजे 0.005. फ्लायशी मेळ घालायला गळाच्या नंबराला 3 ने भागा. 12 नंबरला 4एक्स, 18 नंबरला 6एक्स. फुगीर, हवा धरणारी फ्लाय असेल तर मी एक पायरी जाड टिपेट घेतो. बारीक टिपेटवर ती पंख्यासारखी फिरते आणि दहा कास्टमध्ये टिपेटला इतका पीळ बसतो की तो कापून टाकण्याशिवाय इलाज उरत नाही.

बिनगाठीचा की गाठी मारून जोडलेला? बिनगाठीचा अखंड निमुळता असल्याने त्यात शेवाळ, काडीकचरा अडकत नाही आणि पहिल्या दिवसापासून वापरता येतो. हाताने बांधलेल्यात प्रत्येक तुकडा आपल्या मनासारखा ठेवता येतो. साधारण 60 टक्के बट, 20 टक्के निमुळता भाग आणि 20 टक्के टिपेट हे जुनं प्रमाण अजूनही कामाला येतं. शेजारच्या दोन तुकड्यांच्या जाडीत 0.002 इंचापेक्षा जास्त फरक नको, नाहीतर लीडर तिथे बिजागरीसारखा मोडतो. सुरुवातीला बिनगाठीचा घ्या. एक हंगाम गेल्यावर स्वतः बांधून बघा, लीडर खरा तेव्हा समजतो. पिळून विणलेले लीडर सुरेख उलगडतात, पण पाणी धरतात आणि मागे खेचताना तुषार उडवतात. पहिल्या खरेदीत ते नकोतच.

आता सगळ्यात जास्त वाद होतो तो प्रश्न: नायलॉन की फ्लुरोकार्बन? फ्लुरोकार्बनचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकतो त्याचा आकडा, 1.42 आहे, पाण्याचा 1.33 आणि नायलॉनचा 1.5 च्या वर. फ्लुरोकार्बनचा आकडा पाण्याच्या जास्त जवळ, म्हणून तो पाण्यात कमी उठून दिसतो. तो पाणी शोषत नाही आणि दगडावर घासला तरी तग धरतो. त्याची घनता 1.78 च्या आसपास असल्याने तो बुडतो. पाण्याखाली बुडवून वापरायच्या फ्लायला, म्हणजे निंफला, हे फारच सोयीचं, पण तरंगत्या फ्लायला तोच गुण नडतो, कारण टिपेट तिला खाली ओढू लागतो. नायलॉन पाण्यापेक्षा थोडासाच जड असतो आणि मऊही असतो, त्यामुळे प्रवाहाबरोबर सहज वाहतो. त्यात गाठही नीट बसते. मात्र तो पाणी पितो आणि उन्हात कमजोर होतो, म्हणून जुनं रीळ ठेवू नये. माझा निर्णय ठरलेला आहे. अख्खा लीडर नायलॉनचा आणि निंफ लावायची असेल तेव्हा फक्त टिपेट फ्लुरोकार्बनचा. संपूर्ण फ्लुरोकार्बन लीडरवर जादा पैसे घालण्याची नवख्याला गरज नाही.

निवड झाली तरी काम अर्धंच झालेलं असतं. पहिल्या हंगामात मी एकच 9 फुटी 5एक्स लीडर वापरत राहिलो. दर वेळी फ्लाय बदलताना चार-पाच इंच कापले जायचे. मासे तोंड का फिरवतात ते कळेना. शेवटी लीडर मोजला तर साडेसात फुटांच्या खाली आलेला आणि टोक जवळजवळ 3एक्सइतकं जाड झालेलं. मी मुळात टिपेटवर मासेमारी करतच नव्हतो, मधल्या भागावर करत होतो. तेव्हापासून नव्या लीडरच्या टोकाला लगेच दोन फूट टिपेट जोडतो आणि कापाकापी त्याच्यातच करतो.

पाण्यावर काय दिसतं ते बघून बदल करा. फ्लाय थापटल्यासारखी पडली तर टिपेट फूटभर वाढवा. टिपेटचा पुंजका होत असेल तर सहा-सहा इंच कमी करत जा. फ्लाय शेजारच्या बुडबुड्यांच्या वेगाने न वाहता मागे रेघ ओढत असेल, तर बारीक आणि लांब टिपेट लावा. माशांनी फ्लाय नाकारायचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच आहे, आणि माणूस मात्र पेटीतल्या फ्लाय बदलत बसतो. वारा सुटला की आखूड करा.

टिपेट लीडरला जोडायला तीन वेढ्यांची सर्जन्स नॉट ही गाठ शिका, थंडीने बोटं आखडली तरी ती बसते. आवळण्याआधी गाठ थुंकीने ओली करा. कोरडी आवळली तर घर्षणाने तंगूस तापतो आणि गाठीलगत कुरळा होतो. तसा कुरळा दिसला तर ती गाठ कापून पुन्हा बांधा.