मृत समुद्राच्या गुंडाळ्या घरबसल्या वाचताना : काही महिन्यांच्या वापरानंतर

मृत समुद्राच्या गुंडाळ्या म्हणजे त्या समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत सापडलेली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ज्यू हस्तलिखितं. त्या ऑनलाइन पाहायच्या तर दोन साइट्स आहेत. एक जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियमची, २०११ पासूनची. दुसरी इस्राएलच्या पुरातत्त्व खात्याची लिऑन लेव्ही डिजिटल लायब्ररी, २०१२ च्या डिसेंबरात सुरू झालेली. दोन्ही गूगलच्या मदतीने उभ्या राहिल्या. पैसे लागत नाहीत, खातंही उघडावं लागत नाही. गेले काही महिने मी दोन्ही वापरतेय, शेजारी मराठी पवित्र शास्त्र (बायबल) उघडं ठेवून.

सुरुवात म्युझियमच्या साइटवरून करावी. तिथे पाच गुंडाळ्या आहेत, पण माझा बहुतेक वेळ गेला तो यशयाच्या, म्हणजे जुन्या करारातल्या एका संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या, मोठ्या गुंडाळीवर. लांबी ७.३४ मीटर, चामड्याचे १७ तुकडे एकमेकांना शिवलेले, ५४ स्तंभ (मजकुराचे उभे रकाने), आणि सहासष्टच्या सहासष्ट अध्याय जवळपास शाबूत. १९४७ च्या सुमारास कुमरानच्या गुहेत बेदुईन मेंढपाळांना ही सापडली. काळ साधारण इ.स.पू. १२५. त्याआधी हिब्रू शास्त्राच्या आपल्या हाती असलेल्या मोठ्या प्रती दहाव्या-अकराव्या शतकातल्या होत्या. लेनिनग्राडची सुप्रसिद्ध प्रत १००८ सालची. म्हणजे एका झटक्यात हजार वर्षं मागे गेलो. फोटो इतके बारीक आहेत की मोठं करत गेलं की चामड्याच्या जोडावरचे टाकेही दिसतात. वचनावर क्लिक केलं की इंग्रजी भाषांतर येतं, त्यामुळे हिब्रू येत नसलं तरी आपण कुठे आहोत ते कळतं.

कुणी मला एकच जागा दाखव म्हटलं, तर मी स्तंभ ३३ उघडून देते. यशयाचा चाळिसावा अध्याय, वचनं ७ आणि ८. दोन्हींची सुरुवात एकच: गवत सुकतं, फूल कोमेजतं. लिहिणाऱ्याची नजर पहिल्या ‘कोमेजतं’वरून थेट दुसऱ्यावर गेली आणि मधला मजकूर गळला. नंतर वेगळ्या हाताने तो ओळीच्या वर लिहायला घेतला, जागा पुरली नाही म्हणून डाव्या समासात खाली उतरवला. अक्षराचं वळण निराळं आहे, हे हिब्रू न येणाऱ्यालाही ओळखू येतं. आणि त्या भर घातलेल्या मजकुरात परमेश्वराचं नाव यायचं तिथे चार ठिपके आहेत. नाव लिहायलाही न धजणारा तो माणूस मला फार जवळचा वाटतो. आपल्या देवाचं वचन सर्वकाळ टिकतं असं सांगणाऱ्या ओळीपाशीच मजकूर गळावा, आणि कुणीतरी तो तळमळीने भरून काढावा! ही जागा मी कितीदा उघडली असेल, सांगता येणार नाही.

लेव्ही लायब्ररी वेगळ्या वळणाची आहे. तिथे हजारो तुकडे आहेत, त्यांतले पुष्कळसे १९५२ मध्ये सापडलेल्या चौथ्या गुहेतले. प्रत्येक तुकड्याच्या दर बाजूचे १२ तरंगलांबींत २८ फोटो घेतले आहेत. काळंठिक्कर पडलेलं चामडं साध्या प्रकाशात नुसता डाग दिसतं. तोच तुकडा इन्फ्रारेडमध्ये पाहिला की शाई उठून येते. १९५० च्या दशकात नजीब अल्बिना यांनी काढलेले जुने इन्फ्रारेड फोटोही सोबत आहेत. तेव्हापासून कडा किती झिजल्या, हे दोन्ही शेजारी लावून पाहिलं की पोटात कालवतं.

मात्र इथे तयारी करूनच जावं. बहुतेक तुकड्यांसोबत भाषांतर नसतं, कुठला तुकडा महत्त्वाचा हे कुणी सांगत नाही, आणि फोनवर तर बोट एकीकडे नि तुकडा दुसरीकडे. लॅपटॉपच हवा. मी आधी अभ्यासकांचं वाचून मग तुकडा शोधते. चौथ्या गुहेतल्या शमुवेलाच्या पुस्तकाच्या एका प्रतीत दावीदाशी लढलेल्या गल्याथाची उंची चार हात एक वीत आहे. आपल्या मराठी शास्त्रात सहा हात एक वीत. यिर्मयाच्या एका तुकड्यात जुन्या ग्रीक भाषांतराशी जुळणारा आखूड पाठ (मजकुराचं रूप) आहे. म्हणजे त्या काळी एकाच पुस्तकाचे वेगवेगळे पाठ एकाच गुहेत नांदत होते.

बायबलबद्दल ‘एक अक्षरही बदललं नाही’ आणि ‘सगळंच नंतर घुसडलं’ हे दोन्ही फॉरवर्ड मला सारखे येतात. आता मी वाद घालत नाही, लिंक पाठवते. ख्रिस्ती लोक येशूच्या दुःखाचं भाकीत मानतात तो यशयाचा त्रेपन्नावा अध्याय येशूच्या जन्माआधी शतकभर चामड्यावर उतरलेला होता, हे डोळ्यांनी पाहता येतं. फरकही तितकेच डोळ्यांनी पाहता येतात. माझ्या श्रद्धेला त्याने धक्का लागला नाही, उलट त्या प्रती उतरवणाऱ्यांबद्दल आदर वाढला.

पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं मराठी भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं, गुहा सापडायच्या वीसेक वर्षं आधी. त्यांना हे स्तंभ पाहायला मिळायला हवे होते, असं राहून राहून वाटतं.

नव्या कराराची हस्तलिखितं इथे शोधू नका. कुमरानमधल्या गुंडाळ्या ज्यूंच्या आहेत. नव्या करारासाठी कोडेक्स सिनायटिकसची साइट आहे, २००८ पासूनची. चौथ्या शतकातल्या त्या ग्रीक बायबलची चार संस्थांत विखुरलेली पानं तिथे एकत्र आणली आहेत. मी नुकतीच मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरुवात केली आहे. मराठी मंडळींपैकी कुणी सोबत वाचणार असेल तर जरूर कळवा, शनिवारी संध्याकाळी ऑनलाइन बसू.